तुमच्या नावावरचे मैल

‘विमानाचे मैल’ हा काही आपल्या पानावरचा विषय नव्हे, असं तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटेल. कंपनीच्या कामासाठी दर आठवड्याला दिल्ली-बंगलोर करणाऱ्या साहेबलोकांचे ते चोचले. वर्षाकाठी एकदा माहेर आणि एकदा कुलदैवत एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांना त्याचं काय? पण जरा आजूबाजूला पाहा बरं! कुणाची लेक न्यू जर्सीला आहे, कुणाचा भाऊ दुबईला, कुणाचा दीर सिंगापूरला. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाऊन आलेली एक तरी आई तुमच्या ओळखीची असेलच. कदाचित ती तुमचीच आई असेल. मुंबईपासून न्यूअर्कपर्यंतचं हवाई अंतर पावणेआठ हजार मैलांच्या आसपास आहे. जाऊन-येऊन साडेपंधरा हजार! डिंकाचे लाडू आणि अळीव सांभाळत केलेल्या या प्रवासाचं मोल कंपनीच्या वहीत त्या आईच्या नावावर लिहिलं जाऊ शकतं, आणि पुढे त्यातून एखादं तिकीटही निघू शकतं, हे मात्र बहुतेकींच्या गावीही नसतं.

ही कल्पना तशी आपल्याला नवी नाही. साबणाच्या वड्यांची वेष्टनं साठवून बादली मिळवणाऱ्या आणि चहाच्या पुड्यांतली कुपनं जमवून कपबशा आणणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. विमान कंपन्यांनी तेच केलं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि कंपन्यांत गिऱ्हाइकासाठी ओढाताण सुरू झाली. पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक बांधून ठेवायचं कसं, याचा विचार करून अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट. त्याच महिन्यात युनायटेडनंही आपली योजना आणली, आणि मग हे लोण जगभर पसरलं. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांची अशी योजना असते. सभासद व्हायला पैसा लागत नाही. कुणी ‘मैल’ म्हणतात, कुणी ‘पॉइंट्स’. आपण इथे मैलच म्हणू.

आता या योजनेतला सगळ्यांत महत्त्वाचा नियम सांगते. तो मला फार आवडला आहे. मैल कुणाचे? तिकिटाचे पैसे ज्यानं भरले त्याचे नव्हेत. खुर्चीवर जो बसला त्याचे! तिकीट नवऱ्यानं काढलं असेल, जावयानं काढलं असेल, मुलाच्या कार्डावर काढलं असेल. पण त्या खुर्चीवर तुम्ही बसलात तर त्या खुर्चीचे मैल तुमचे. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जमा करता येत नाहीत.

यात एवढं आवडण्यासारखं काय, असं विचाराल. तर आमच्या घरचंच सांगते. आमच्या सासूबाईंचं सगळं आयुष्य मामंजींच्या नावाखाली गेलं. घर मामंजींच्या नावावर, गॅसचं कनेक्शन मामंजींच्या नावावर, बँकेत पहिलं नाव मामंजींचं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तशीच रीत होती. २०२२ साली नणंदेच्या दुसऱ्या बाळंतपणाला दोघं अमेरिकेला निघाले, तेव्हा नणंदेच्या यजमानांनी तिकिटं काढताना दोघांची दोन खाती उघडली. मी सासूबाईंना त्यांचा सभासद क्रमांक कागदावर लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हा यांचा का?” म्हटलं, “नाही आई, हा तुमचा. यांचा वेगळा आहे.” त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये, चष्म्याच्या घरात ठेवला.

तेव्हा पहिली गोष्ट ही. घरातल्या प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं असू द्या. तुमचं, सासूबाईंचं, आईचं. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांपुढच्या मुलांचंही खातं उघडू देतात. मांडीवरच्या तान्ह्या बाळाला मात्र सहसा मैल मिळत नाहीत. खातं प्रवासाच्या आधी उघडावं आणि तिकीट काढतानाच क्रमांक घालावा. राहून गेलंच तर विमानतळावर बोर्डिंग पास घेताना सांगितलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ही खास आपल्याकडची आहे. लग्नानंतर आपलं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, जुन्या पिढीत तर पाळण्यातलं नावही बदलून जात असे. आधारकार्डावर एक, पॅनवर दुसरं, आणि पासपोर्टवर स्वतःचं नाव नि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी. खातं उघडणारा घाईत नुसतं नाव-आडनाव घालतो. तिकिटावर मात्र पासपोर्टप्रमाणे तिन्ही नावं येतात. कंपनीच्या संगणकाला या दोन बायका वेगळ्या वाटतात! सासूबाईंचं हेच झालं. परत आल्यावर मामंजींच्या खात्यात मैल दिसले, सासूबाईंच्या खात्यात शून्य. सुदैवानं दोघांचे बोर्डिंग पास मी जपून ठेवायला सांगितले होते. ते, तिकिटाची प्रत आणि पासपोर्टचं पहिलं पान जोडून कंपनीला लिहिलं. एकदा उत्तर आलं की नाव जुळत नाही. पुन्हा लिहिलं की मधलं नाव हे पतीचं नाव आहे, महाराष्ट्रात अशीच पद्धत आहे. दोन महिने हा पत्रव्यवहार चालला. मामंजी झोपाळ्यावरून हसून म्हणायचे, “अगं, एवढ्या मैलांत तर तू चालत अमेरिकेला पोचली असतीस!” शेवटी मैल जमा झाले. तिकीट स्वस्तातल्या वर्गाचं होतं, म्हणून अंतराच्या निम्मेच. साडेसात हजारांच्या थोडे वर.

म्हणून सांगते, खात्यातलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. आणि मैल खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पासचे तुकडे टाकू नका. राहून गेलेले मैल मागता येतात, पण ठरावीक मुदतीतच. बऱ्याच ठिकाणी ही मुदत सहा महिन्यांच्या आसपास असते. लेकीकडे सहा महिने राहून आलात तर जातानाच्या प्रवासाची मुदत परत येईपर्यंत संपतसुद्धा आलेली असते, हे ध्यानात ठेवा. जातानाचे मैल तिथे असतानाच तपासावेत.

तिसरी गोष्ट, खातं कुणाच्या फोनवर आहे ती. जावई किंवा मुलगा मोठ्या प्रेमानं खातं उघडून देतो, पण त्यात ई-मेल त्याचा, फोन त्याचा. मग आपण इथे दुपारी खातं उघडायला बसलो की ओटीपी जातो न्यू जर्सीला, मध्यरात्री! आमच्याकडे हे चार-पाच वेळा झाल्यावर मी सासूबाईंचा स्वतःचा फोन नंबर त्यात घालून घेतला. खातं तुमचं, तर किल्लीही तुमच्याच कमरेला हवी.

आता मैल नाहीसे कसे होतात ते पाहू, कारण मिळवण्यापेक्षा घालवणं सोपं. प्रत्येक योजनेला मुदतीचा आपापला नियम आहे. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी संपतात. लुफ्तान्साच्या योजनेतही सर्वसाधारण सभासदाला तीनच वर्षं मिळतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या खात्यात चोवीस महिने काहीच हालचाल झाली नाही तर मैल जातात. याउलट डेल्टाच्या मैलांना मुदत नाही, आणि ऑगस्ट २०१९ पासून युनायटेडच्याही मैलांना मुदत नाही. आपल्यासारख्या तीन-चार वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्यांना हा फरक फार मोठा आहे. दर आठवड्याला उडणाऱ्या साहेबाचे मैल संपायच्या आत खर्च होतात. बाळंतपणाला गेलेल्या आईचे मात्र दुसऱ्या नातवंडाच्या आत संपून जातात!

यावर एक तोड आहे. विमान कंपन्यांनी आपापसांत गट केलेले आहेत. त्यांतला ‘स्टार अलायन्स’ हा गट १९९७ साली पाच कंपन्यांनी मिळून काढला. आज त्यात लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर, टर्किश अशा पुष्कळ कंपन्या आहेत आणि जुलै २०१४ पासून आपली एअर इंडियाही आहे. गटातल्या एका कंपनीच्या विमानानं जाऊन मैल दुसरीच्या खात्यात जमा करता येतात. म्हणजे यंदा लुफ्तान्सानं फ्रँकफर्टवरून गेलात, तीन वर्षांनी एअर इंडियानं दिल्लीवरून गेलात, तरी दोन्ही वेळचे मैल एकाच खात्यात पडू शकतात. मग ते खातं गटातल्या कुठल्या कंपनीत उघडायचं, हे तिची मुदत पाहून ठरवावं. आज इथे एक आणि उद्या तिथे एक, अशी पाच डब्यांत पाच मुठी साखर ठेवली की शिऱ्यापुरती कशातच भरत नाही. एका गटात एकच डबा धरावा.

मात्र तिकीट काढताना एक चौकशी करावी. अगदी स्वस्तातल्या तिकिटावर मैल कमी मिळतात, कधी कधी मुळीच मिळत नाहीत. तिकिटावर बुकिंगच्या वर्गाचं एक अक्षर असतं, त्यावरून हे ठरतं. शिवाय आता बऱ्याच कंपन्या स्वतःच्या विमानांसाठी अंतर न मोजता भरलेल्या पैशांवर मैल देतात. डेल्टा आणि युनायटेडनं २०१५ साली ही पद्धत आणली, एअर इंडियानं २०२४ साली. पण मैलांसाठी महाग तिकीट घेऊ नका हो! दोन हजार रुपये जास्त मोजून पाचशे रुपयांचे मैल मिळवण्यात शहाणपण नाही.

साठलेले मैल खर्च कसे करायचे, हा खरा प्रश्न. कंपनीची यादी उघडली की डोळे दिपतात. डब्यांचे संच, इस्त्री, प्रवासी बॅगा, दुकानांची कुपनं! इथे माझ्यातली अर्धवेळ शिक्षिका जागी झाली, कारण हे तर साधं त्रैराशिक आहे. तिकिटाची रोख किंमत घ्या. मैलांवर तिकीट घेतलं तरी कर आणि शुल्क रोख भरावंच लागतं, ते त्यातून वजा करा. उरलेल्या रुपयांना लागणाऱ्या मैलांनी भागा. एका मैलाची किंमत निघते. आमच्या वेळी तिकीट होतं ८,२०० रुपयांचं. मैलांवर घेतलं तर ७,००० मैल आणि वर १,२०० रुपये. म्हणजे ७,००० रुपयांचं काम ७,००० मैलांत. मैलाला एक रुपया पडला. त्याच मैलांत मिळणारा डब्यांचा संच बाजारात पावणेदोन हजाराला होता. म्हणजे मैलाला पंचवीस पैसे! तुमचे आकडे वेगळे निघतील, पण हिशेब हाच. साधारणपणे मैल विमानाच्या तिकिटाला सर्वांत जास्त किंमत देतात आणि वस्तूंना सर्वांत कमी. गुडघे दुखणाऱ्या वडीलमाणसाला लांबच्या प्रवासात पुढच्या वर्गाची ऐसपैस खुर्ची मैलांवर मिळत असेल, तर तोही खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही.

आणि ‘फुकट तिकीट’ हा शब्दप्रयोग विसरा. वर सांगितलेले कर असतातच. परदेशच्या तिकिटावर काही कंपन्या इंधनाच्या नावाखाली एवढं शुल्क लावतात की मैल देऊनही निम्मे पैसे भरावे लागतात. शिवाय मैलांवर द्यायच्या खुर्च्या मोजक्याच असतात. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी आली की त्या गायबच! बहुतेक कंपन्या अकरा महिने किंवा त्याहूनही आधी तिकिटं खुली करतात. तेव्हा पुढच्या वर्षीच्या मुंजीला जायचं असेल तर मुहूर्त निघताच तिकीट पाहावं.

पण हा सगळा हिशेब कशासाठी, ते मला कळलं मामंजी गेल्यावर.

२०२३ साली मामंजी गेले. दिवसपाणी आटोपल्यावर कागदपत्रं काढली. बँकेत वारस म्हणून नाव होतं, विम्यात होतं. एकेक काम होत गेलं. त्यांच्या विमानाच्या खात्याबद्दलही मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, सभासदाच्या मृत्यूबरोबर खातं बंद होतं, मैल कुणालाही देता येत नाहीत. अनेक योजनांच्या नियमांत हे असतंच, की मैल ही सभासदाची मालमत्ता नव्हे. कुठे कुठे वारसाला विनंती करता येते, पण देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर. मामंजींचे मैल त्यांच्याबरोबरच गेले. रक्कम म्हणाल तर मोठी नव्हती. पण ते उत्तर वाचून दाखवताना माझा आवाज जड झाला. दोघं शेजारी शेजारी बसून गेले होते आणि आता कंपनीच्या वहीत एकच खुर्ची उरली होती.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझे आहेत ना अजून?”

त्यांचे होते. मुदत २०२५ पर्यंत होती. त्याचं काय करायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. ह्यांचं म्हणणं, सुट्टीत सगळे मिळून कुठेतरी जाऊ, एक तिकीट त्यातून निघेल. नणंदेचा फोन आला, “आईला पुढच्या खेपेला इकडेच यायचंय, तेव्हा वापरू.” धाकट्या दिरांनी कंपनीची यादी पाहून बॅगेचा संच सुचवला. प्रत्येकाचं म्हणणं सरळ मनानं केलेलं. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, “मला भिलाईला जायचंय.”

भिलाईला त्यांची धाकटी बहीण राहते. तिचे यजमान तिथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते, तेव्हापासून ते तिकडचेच झाले. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस तिकडून जाते, पण एक अख्खा दिवस नि रात्र गाडीत काढणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाही. बहिणीला अलीकडे ऐकू कमी येतं, म्हणून फोनवरचं बोलणंही थांबल्यासारखंच होतं. दोघी भेटल्याला नऊ वर्षं झाली होती. अमेरिकेला दोनदा जाऊन आलेली ही बाई भिलाईला जायचं म्हणून कधी कुणाला बोलली नव्हती. मी विचारलं, “आई, आधी का नाही सांगितलंत? आम्ही तिकीट काढलं असतं की!” त्या म्हणाल्या, “काढलं असतंस गं. पण कामाशिवाय कुणाचे पैसे कसे मागायचे?”

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस थांबले आहे. बाळंतपण हे काम. आजारपण हे काम. लग्न, मुंज, बारसं हेही काम. बहिणीला भेटावंसं वाटणं हे मात्र काम नव्हे! मुलांनी आनंदानं तिकीट काढलं असतं. पण ते मागावं लागलं असतं. मैल मागावे लागले नाहीत. ते त्यांच्या खुर्चीचे, त्यांच्या सुजलेल्या पायांचे होते.

जातानाचं तिकीट मैलांवर निघालं, पुण्याहून दिल्लीमार्गे रायपूर. येतानाचं रोख काढलं. चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली. ही सोय मागायला लाजू नका, विमान बदलायचं असेल तर वडीलमाणसांना तिचा फार आधार होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सासूबाई एकट्या गेल्या. बॅग भरताना मी सवयीनं विचारलं, “लाडूचा डबा कुठे ठेवू?” त्या म्हणाल्या, “लाडू कशाला? मी काही कुणाचं करायला चालले नाही.” तिकडे त्या तीन आठवडे राहिल्या. दोघी बहिणींनी काय केलं विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही. उन्हात बसलो.”

आता उरलेल्या दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी.

एमिरेट्स, कतार एअरवेज अशा काही कंपन्यांत कुटुंबाचं एकत्र खातं काढता येतं. सगळ्यांचे थोडे थोडे मैल एका ठिकाणी येऊन लवकर उपयोगी पडतात, म्हणून ही सोय चांगली. पण त्या खात्याला एक प्रमुख असतो आणि एकत्र झालेले मैल खर्च करण्याचा अधिकार सहसा त्याचा. प्रमुख कोण, हे घरात बोलून ठरवा. तुम्हीही होऊ शकता! वाणसामानाचा हिशेब ठेवणारीला हा काही अवघड नाही.

क्रेडिट कार्डावरही पॉइंट मिळतात आणि ते विमान कंपनीच्या मैलांत बदलता येतात. एरवी होणारा खर्चच कार्डावर करून महिन्याचं बिल वेळेवर पुरतं भरत असाल, तर हरकत नाही. पण बिल थकलं की आपल्याकडे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. वर्षाला ते छत्तीस टक्क्यांच्या वर जातं. त्यापुढे मैलांची मिळकत म्हणजे चाळणीत पाणी! कार्डाची वार्षिक फीही मोजायला विसरू नका. आणि एक लक्षात ठेवा, नवऱ्याच्या कार्डावरचं जोडकार्ड तुम्ही वापरत असाल तर खरेदी तुम्ही केली तरी पॉइंट मूळ कार्डधारकाला जातात. खुर्चीचा नियम इथे चालत नाही. शिवाय पॉइंट एकदा मैलांत बदलले की सहसा परत फिरवता येत नाहीत. तेव्हा तिकीट मिळतंय हे पाहूनच बदलावेत.

‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, या लिंकवर जा’ असा संदेश आला तर लिंक उघडू नका. आपणहून कंपनीच्या खात्यात जाऊन तारीख पाहा. ओटीपी मागणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

आणि शेवटचं, मैल सोन्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या साठवायचे नसतात. कंपन्या त्यांचा भाव वाटेल तेव्हा कमी करतात. काल सात हजारांत मिळणारं तिकीट उद्या दहा हजारांचं होतं. कंपन्या स्वतःही कायमच्या नसतात. किंगफिशर २०१२ साली बंद पडली. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, हे त्यांचं नशीब. मैल हे लोणचं नव्हे मुरत ठेवायला. ती ताजी भाजी आहे. वेळेवर चिरली तर चवीची, नाहीतर टोपलीतच सुकायची.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. हिशेबाच्या वहीचं मागचं एक पान घ्या. घरात गेल्या तीन वर्षांत विमानात बसलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा, आपल्या आईचं आणि सासूबाईंचं आधी. नावापुढे कंपनी, सभासद क्रमांक, किती मैल आहेत आणि कधी संपतात, असे चार रकाने आखा. ज्यांचं खातं नाही त्यांच्या पुढच्या प्रवासाआधी ते उघडा, पासपोर्टवरच्या नावानं आणि त्यांच्याच फोनवर. मुदत जवळ आलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

आणि पान भरून झालं की पाचवा रकाना आखा. त्यावर लिहा: ‘कुठे जायचंय?’ हा रकाना दुसऱ्या कुणी भरायचा नाही. ज्यांचे मैल, त्यांनाच विचारा. पहिल्यांदा उत्तर येईल, “मला कुठे जायचंय? तुम्हीच वापरा.” तेव्हा लगेच पुढच्या नावाकडे वळू नका. जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.